नवरीच्या गाडीतलं गवत

दिवाळी अंकाचे संपादक माझ्या घरी आले तेव्हा त्यांना माझ्याकडून वाघ हवा होता. सरकारी नोकरीत घाटावर आणि घाटाखाली इतकी वर्षं हिंडलेला माणूस, एखादा वाघ तरी भेटला असेलच, असा त्यांचा अंदाज. मी म्हटलं, वाघ एकदाच दिसला आणि तोही माझ्याकडे न बघता निघून गेला. मला भेटलं ते गवत. गवतावरचं कोण वाचणार, असं ते म्हणाले. मी म्हटलं, आधी ऐका तर खरं. दुसरा चहा येईपर्यंत वाघ त्यांच्या डोक्यातून गेला होता, म्हणून हे लिहायला बसलो.

मी शेतकी खात्यात कामदार होतो. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला. आमचे मोठे साहेब नागपुरात, आणि तिथून निघालेला हुकूम बुलढाण्याकडच्या आमच्या चिखलीला पोचेपर्यंत बरेचदा हंगाम उलटून गेलेला असे. साहेबांनी सांगायचं आणि कामदारानं करून दाखवायचं, अशी कामाची वाटणी होती. सुधारलेलं बियाणं वाटायचं, लोखंडी नांगर चालवून दाखवायचा, कुंदा नावाचं तण मुळासकट खणून काढायला लावायचं, आणि हे सगळं सायकलीवर. लोखंडी नांगरानं जमीन तापते असं सांगणारे शेतकरी मला गावोगाव भेटले. एकानं नांगर घ्यायचं कबूल केलं, पण आधी तो विहिरीत बुडवून थंड करायचा अशी अट घातली. मी बुडवला. त्या वर्षी त्याची ज्वारी नजर लागावी अशी आली आणि सगळं श्रेय विहिरीला गेलं. मला काय, ज्वारी आली म्हणजे झालं.

गवताचं शिक्षण मात्र मला खात्यानं दिलं नाही. माझे वडील चिखलीच्या बाजारात नालबंद होते. बैल आडवा पाडायचा, पाय बांधायचे आणि खुरांना पत्री ठोकायची. तोवर बैल शांत राहावा म्हणून त्याच्या तोंडापुढे पेंडी धरायचं काम माझं. कोणतं गवत पुढे केलं की बैल पत्रीचा घाव विसरतो आणि कोणतं नुसतं हुंगून मान फिरवतो, हे मी तिथे शिकलो. पुढे नोकरीत मोठमोठे शब्द कानावर पडले, पण गवताची पारख करायची झाली की मी मनातल्या मनात ते बैलापुढे धरून पाहत असे.

बाहेरच्या माणसाला एवढंच कळलं तरी पुरे की गवतं दोन तऱ्हेची असतात. एक मूळ धरून राहणारं. आमचा पवन्या असा आहे. कापा, चारा, उन्हात वाळवा, त्याचं खोड जमिनीत जिवंत राहतं आणि पावसाची चाहूल लागली की पुन्हा फुटतं. त्याचं वाळलेलं गवत चैत्रातसुद्धा ढोरं चवीनं खातात. दुसरं एका वर्षाचं पाहुणं. पाऊस पडला की उगवायचं, बी धरायचं आणि दिवाळीच्या आगेमागे मरून जायचं. मरताना मात्र ते एवढं बी टाकून जातं की पुढच्या वर्षी जागा त्याचीच. अशी वर्षाची गवतं आपल्या मातीतही पुष्कळ आहेत, पण ती आपापल्या पायरीनं राहतात. परमुलखातून आलेल्याला ती पायरी माहीत नसते.

असलं एक गवत मी पहिल्यांदा पाहिलं ते चिखलीजवळच्या खैरगावात. आश्विनातलं ऊन होतं. गावाच्या वरच्या अंगाला मुरमाड बरड आहे, आणि ती सबंध बरड गुलाबी झाली होती. मी सायकलीवरून उतरलो. खोटं कशाला सांगू, जीव हरखला. गुडघ्याएवढं गवत, वर रेशमासारखे मऊ तुरे, आणि वारा आला की सगळी उतरण हलायची. तुरा चोळला तर हातात नुसती लव, आणि प्रत्येक लवेच्या पोटात एक बारीक बी.

खैरगावात तुळशीराम नावाचा माळी होता. वांगी आणि कोथिंबीर घेऊन दर बाजाराला आमच्या दुकानासमोर बसायचा, त्यामुळे ओळख जुनी. हे कुठून आलं ते त्यानं मोठ्या कौतुकानं सांगितलं. त्याचा चुलत भाऊ बुलढाण्याला एका साहेबाच्या बंगल्यावर बागकाम करी. मडमेनं फुलदाणीत ठेवायला म्हणून या गवताचं बी मागवलं होतं, आफ्रिकेच्या पार खालच्या टोकाकडचं. तुळशीरामच्या थोरल्या मुलीच्या लग्नात मांडव सजवायला भावानं त्याच्या दोन पेंढ्या आणल्या. लग्न झालं, मांडव उतरला, गवत बरडीवर फेकलं. पुढच्या वर्षी ते आपोआप उगवलं आणि गाव खूश झालं.

खैरगावची एक रीत होती. लग्नाला आलेल्या पाहुण्याची बैलगाडी उघडी परत पाठवायची नाही. गाडीच्या पाट्यांवर हातभर गवत पसरायचं, वर घोंगडं टाकायचं, म्हणजे बायामाणसांची हाडं खिळखिळी होत नाहीत. पूर्वी पवन्या नाहीतर कडबा पसरत. तो टोचायचा. हे नवं गवत कापसाला लाजवील इतकं मऊ, त्यामुळे खैरगावचा पाहुणचार चार गावांत गाजला. त्या गवताला नावही पडलं, नवरीचं गवत.

मी मात्र कार्तिकात त्याची एक पेंडी नेऊन वडिलांच्या दुकानात बैलापुढे धरली. बैलानं हुंगलं आणि मान फिरवली. दुसऱ्यानं तेच केलं. आमच्या सर्कलसाहेबांना मी हे सांगितलं. ते हुशार गृहस्थ होते, स्वतः येऊन बरड पाहून गेले आणि मला न सुचलेली गोष्ट त्यांनी उलगडून सांगितली. पावसाळ्यात कोवळं असताना ढोरं हे खातात, पण तुरा आला की सोडतात आणि शेजारचा पवन्या मुळापर्यंत ओरबाडतात. म्हणजे चांगलं गवत खाल्लं जातं, हे राहतं आणि बी टाकतं. चार हंगामांत कुरण याचं होतं. दिसायला हिरवंगार, पण माघात पाहाल तर माती उघडी. साहेबांनी वर कळवलं. पुढे त्यांचीच बदली झाली.

मग ते दुसरीकडे दिसू लागलं, आणि माझी झोप उडाली. मेहकरच्या वाटेवर एका गावात, देऊळगावकडे दोन गावांत, मधल्या गावांत मात्र काडीही नाही. वाऱ्यानं गेलं म्हणावं तर वाऱ्याची दिशा जुळेना, नाल्यानं गेलं म्हणावं तर पाणी उलटं वाहतं. घाट उतरून खाली मलकापूरच्या बाजूला एका खेड्यात ते पाहिलं तेव्हा मला वाटलं, सापडलं. आगगाडीतून गवताच्या गठ्ठ्यांबरोबर आलं असणार. मी रुळाच्या कडेनं दिवसभर हिंडलो. तिथे काही नाही, आणि गावात शिरणाऱ्या गाडीवाटेच्या, पांदणीच्या तोंडाशी मात्र गुलाबी पट्टा. तिथे एक म्हातारी शेण वेचत होती. तिला विचारलं, हे कधीपासून आहे. ती सहज म्हणाली, "आमची सून आली तवापासून. तिच्या माहेराकडचं हाय थे."

सूनबाई खैरगावची. गाड्या लग्नाहून परत आल्या, बैल सोडले, आणि गाडीतलं गवत पांदणीच्या तोंडाशी झटकलं. मी लिंबाखाली बसलो आणि एकेक गाव आठवू लागलो. जिथे जिथे ते गवत, तिथे तिथे खैरगावची लेक. मधल्या गावांत काडी नव्हती, कारण त्यांच्याशी सोयरीकच नव्हती. आधी मी एकटाच हसलो. मग हसू गेलं, कारण सोयरिकी दरवर्षी होतात.

माझा आवाज मोठा आहे आणि तो मी वापरला. बाजारात, चावडीपुढे, ज्याच्या त्याच्या ओट्यावर सांगत सुटलो की ते गवत गाडीत पसरू नका, पसरलंच तर रस्त्यात झटकू नका, गावाबाहेर जाळा. मी सांगितलं ते खरं होतं आणि आजही तेच सांगेन. पण बोलणं एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना अंग धरतं. सहा महिन्यांनी ते माझ्याकडे परत आलं तेव्हा त्याचं असं झालं होतं: खैरगावची पोरगी करू नका, ढोरं मरतील.

आणि नेमकं तेव्हाच तुळशीरामच्या धाकट्या मुलीचं, गोदावरीचं, लग्न ठरलेलं होतं. मुलगा दुसरबीडकडच्या वडगावचा. त्या मुलाच्या वडिलांचं नाव नामदेव. वडगावची सगळी शान त्याच्या कुरणात. गावाच्या मालकीचं कुरण, कंबरेएवढा पवन्या, आणि त्याची राखण पंच करायचे. पाऊस रुसला त्या साली आसपासच्या गावांनी जनावरं बाजारात नेली, वडगावच्या गोठ्यातलं एकही दावं सुटलं नव्हतं. त्या पंचांनी नामदेवला बजावलं, खैरगावचं गवत शिवेच्या आत आलं तर गाड्या नवरीसकट परत फिरवू.

तुळशीराम माझ्या दारात येऊन उभा राहिला. वांग्याची पाटी नाही, डोक्याला पागोटं नाही. मी बस म्हटलं तर बसला नाही.

"शेखभाऊ, तुमच्या तोंडानं माह्या पोरीचं लगन मोडून राह्यलं. तिले का रोग झाला काय? गवतच हाय नं थे?"

त्याच्या मुलीचं काही चुकलेलं नव्हतं. माझंही नव्हतं. आणि लग्न मोडत होतं ते मात्र तिचं. गवतापायी एखाद्या पोरीला शिवेवरून परत फिरवलं तर ती पुन्हा कोणत्या गावात तोंड दाखवेल?

चार दिवसांनी नामदेव आला. भला माणूस, पण दोन्ही बाजूंनी चेपलेला.

"पोरगी आम्हाला पसंत हाये, कामदारसाहेब. पर गावाचा शब्द मला मोडता येत नाही. तुम्ही सरकारी माणूस. तिच्या घरी ते गवत नाही असं एक लिहून द्या, म्हंजे पंच गप बसतील."

मी नोकरीत पुष्कळ बियाण्याला चांगलं म्हटलं आहे, पण नवरीच्या घराला शुद्धतेचा दाखला मागायला आलेलं हे पहिलंच गिऱ्हाईक. आणि तो द्यायचा कसा? तुळशीरामच्या गोठ्याच्या छपरावरसुद्धा ते उगवलं होतं.

दोघा व्याह्यांना माझ्या घरी समोरासमोर बसवलं. वडगावच्या गाड्या गवताविना परत न्या म्हटलं तर तुळशीराम उठून उभा राहिला, माझ्या दारातून पाहुण्याची गाडी उघडी जाणार नाही म्हणाला. शिवेवर आम्ही गाड्या झाडून घेऊ असं नामदेव म्हणाला, तर तुळशीरामला ते झोंबलं. उंबरठ्यावर आलेल्या नवरीची गाडी झाडायची म्हणजे घाण समजायची. कडब्याचं नाव काढलं तर खैरगाव मागे पडलं असं लोक म्हणतील. मी दोघांपुढे हात टेकले.

तोड काढली माझ्या बायकोनं. पडद्याआडून ती सगळं ऐकत होती. पाहुणे गेल्यावर म्हणाली, झाडायचंच आहे तर सासूनं झाडावं. नवरीवरून भाकरतुकडा ओवाळतात तो दारात न ओवाळता शिवेवर ओवाळा, आणि मग सासूनं स्वतःच्या हातानं गाडी झाडून सुनेला उतरवून घ्यावं. झाडणी म्हणजे त्यांच्याकडे लक्ष्मीच ना? सासू ज्या गाडीत झाडणी घेऊन वाकली, त्या गाडीला घाण म्हणायची कोणाची छाती आहे? मी दुसऱ्या दिवशी हे दोघांनाही ऐकवलं. नामदेवच्या बायकोला पसंत पडलं. तुळशीरामनंही मान हलवली. माझी एक अट मी घातली. गाडीत गवत पसरा, पण बाजूंना गोणपाट घट्ट बांधा, म्हणजे वाटेत सांडणार नाही.

लग्न खैरगावला लागलं. मी वऱ्हाडाच्या मागे सायकल हाणत वडगावच्या शिवेपर्यंत गेलो. मुलीच्या बापानं असं मागे जायची रीत नाही, पण तुळशीरामही आला होता. त्याला घरी बसवलंच नसतं.

शिवेवर नाल्याकाठी उघडा खडक आहे. पंच तिथे उभेच होते. नामदेवच्या बायकोनं भाकरतुकडा ओवाळला, पदर खोचला आणि गाडीत वाकली. पाटी न् पाटी तिनं झाडली. बायकांनी लुगड्यांचे काठ झटकले, पुरुषांनी धोतरं झटकली, कारण ती लव कपड्याला चिकटते. सगळं खडकावर जमवून पेटवलं. पंचांची तोंडं सैल झाली. कोणी तरी पानाचा डबा उघडला.

शेवटच्या गाडीत रुखवताचं सामान होतं. पितळेची भांडी, पापडाचे डबे, एक गोधडी आणि दोन उशा. छान शिवलेल्या उशा, कडेनं लाल कातरकाम. मी सहज जवळ गेलो, आणि एका उशीच्या कोपऱ्याच्या शिवणीतून बोटभर गुलाबी लव बाहेर आलेली दिसली.

पाहिलं फक्त मी. नामदेव पान खात होता, तुळशीराम डोळे पुसत हसत होता. गप्प राहिलो असतो तर सगळं गोड झालं असतं. पण उशी जन्मभर टिकत नाही. कधी तरी उसवते, उकिरड्यावर पडते, उकिरडा खत होऊन शेतात जातो. मग कुरण. मी तोंड उघडलं.

"थांबा," मी म्हटलं. "उशा राहिल्या."

तुळशीरामनं माझ्याकडे असं पाहिलं की आजही ते डोळे आठवले की मान खाली जाते. कसाबसा म्हणाला, "तिच्या मायनं भरल्या हो. दिवाळीपासून भरून राह्यली होती." पंचांतला एक जण नामदेवला म्हणाला, शब्द म्हणजे शब्द, गाडी फिरवा.

तेवढ्यात गोदावरी गाडीतून उतरली. डोक्यावरचा पदर तसाच, हळदीचे हात. तिनं उशा उचलल्या, एकेकीची शिवण दातांनी तोडली आणि दोन्ही विस्तवावर उपड्या केल्या. लव भुर्रकन पेटली. मग तिनं खोळी उलट्या केल्या, विस्तवावर झटकल्या, पुन्हा पुन्हा झटकल्या, घडी घातली आणि सासूपुढे जाऊन उभी राहिली.

"आत्याबाई, खोय माह्या मायच्या हातची हाय, थे राहू द्या. भराले तुमच्या घरचा कापूस लागीन."

सासूनं त्या घड्या आपल्या हातात घेतल्या, सुनेचा हात धरला आणि चालत गावाकडे निघाली. गाडीत कोणी बसलंच नाही. सगळं वऱ्हाड त्या दोघींच्या मागे पायी गेलं, पंचसुद्धा. तुळशीराम माझ्याजवळ खडकावर बसून लहान पोरासारखा रडला आणि मग त्यानं माझ्याच फडक्याला नाक पुसलं.

नोकरीत मला कोणी शाबासकी दिली नाही आणि मला ती लागलीही नाही. वडगावचं कुरण मी राखलं, असं मी छातीवर हात ठेवून सांगतो. म्हणजे मी, माझी बायको आणि त्या दोघी सासवासुना. शिवेवर गाडी झाडायची रीत आसपासच्या पाचसहा गावांनी उचलली. खैरगाव मात्र मला वाचवता आलं नाही, ही टोचणी आहे. तिथे आता बरडच काय, बांध आणि पडीकही गुलाबी. फाल्गुन लागला की लोक ढोरं घेऊन दुसरीकडे चारा शोधत जातात. आश्विनात पाहणाऱ्याला मात्र ते गाव फार सुंदर दिसतं.

निवृत्त झाल्यावर गेल्या साली मला वडगावचं बोलावणं आलं. गोदावरीच्या मुलाचं लग्न. वऱ्हाड आता मोटार लॉरीतून जातं. परतताना लॉरी शिवेवर थांबली, पाट्यांवर गवताची काडी नाही, नुसती सतरंजी, तरी गोदावरी झाडणी घेऊन वर चढली आणि तिनं सगळी लॉरी झाडून काढली. माझ्याशेजारी नवरदेवाचा मित्र बसला होता, शिकलेला. त्याला विचारलं, हे काऊन? तो म्हणाला, "काऊन म्हणजे? रीतच हाय आमची." मी बरं म्हटलं. कुरण उजव्या हाताला दिसत होतं, पवन्या पिवळा पडून उभा होता, आणि त्याच्यात बैल मान खाली घालून चरत होते.

जेवण झाल्यावर मला ओसरीत आडवं व्हायला सांगितलं. गोदावरीनं स्वतः उशी आणून दिली. खोळ जुनी, धुऊन धुऊन विटलेली, कडेला लाल कातरकाम. माझा हात सवयीनं शिवणीच्या कोपऱ्यावर गेला. ती दारात उभी राहून बघत होती.

"उसवून पाहा चाचा," ती म्हणाली. "कापूसच हाय."

मी हात काढून घेतला आणि त्या उशीवर डोकं ठेवून दुपारभर झोपलो.